डावीकडची रेघ

कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, एका पायाखाली वीट.
पानाला वीस रुपये. मराठी असो, इंग्रजी असो,
खरं असो, नसो.

राजेशम गुंडेटी आला एप्रिलच्या भर दुपारी,
डोक्यावर ओला पंचा, पिशवीत कॅलेंडरं,
अकरा वर्षांची, खिळ्याच्या भोकासकट.
नळाला पाणी आलं त्या तारखेला निळा गोल.
मध्येच दुधाचा हिशेब, नातीचे डोस,
एका पानावर नुसतं ‘रात्री अडीच, चार घागरी’.
आठवड्याला एक गोल. कधी तोही नाही.

महापालिकेच्या उपअभियंत्यानं शपथेवर सांगितलेलं:
‘सदर वसाहतीस एक दिवसाआड, पुरेशा दाबाने.’
सोबत पंचनामा. पंच नंबर दोन, यल्लव्वा बिटला.
सही झोकदार, खाली दोन टिंबं.
गुंडेटीचा दावा त्या टिंबांवर निकाली निघाला.

यल्लव्वाला तो सोबतच घेऊन आलेला.
चाळीस वर्षं विड्या वळून
बोटांच्या रेषा पुसल्यात तिच्या,
रेशनचं मशीन तिला ओळखत नाही,
नातवाला पुढं करावं लागतं.
‘मी सही कधी शिकले ओ?’ तिनं मला विचारलं,
जणू शिकवणारा मीच.

वकिलांच्या खोलीत हसले सगळे. कलम तीनशे चाळीस?
अहो, खोट्या शपथेला आत टाकायचं म्हटलं
तर हे आवार ओस पडेल,
चहावाल्याला गावी जावं लागेल.
पाण्याचं मागा. फार तर टँकर पदरात पडेल.
गुंडेटी म्हणाला,
‘पाणी नाही, ते सोसलं.
आहे म्हणाले, हात वर करून म्हणाले,
त्यासाठी आलोय.’

मग त्यानं ते प्रतिज्ञापत्र उजेडावर धरलं.
कारखान्यात चादरी तपासायचा तो, एकोणतीस वर्षं,
तुटका धागा डोळ्याआधी त्याच्या अंगठ्याला कळायचा.
पानाच्या डाव्या कडेवरून अंगठा खाली आला.
बारीक काळी रेघ, वरपासून खालपर्यंत.
नंतर माझ्या टेबलावरचा एक भाडेकरार उचलला,
एक वारसनोंद, एक घटस्फोट.
सगळ्यांना तीच रेघ.
प्रिंटरचा ड्रम गेल्या दिवाळीपासून चरलाय.
बदलायचा राहिला.

काही बोलला नाही तो.
मलाच आठवत गेलं:
शिपाई पेनड्राइव्ह घेऊन आला होता,
मजकूर दुसऱ्याच वसाहतीचा,
मी नाव बदललं, तारीख बदलली, ‘पुरेशा’ तसाच ठेवला.
सोबतच्या पोरानं मतदारयादीतून पंच निवडले,
माझ्याच पेनानं, या इथं, टेबलाच्या कोपऱ्यावर,
तोंडात मावा, सही झाल्यावर जरा थांबून
टिंबं दिली दोन. शोभेला.
मी चाळीस रुपये घेतले. सुट्टे नव्हते, दहा नंतर दिले.

‘लिहा,’ गुंडेटी म्हणाला, ‘साक्षीदार नंबर तीन,’
आणि गप्प राहिला.
ताडपत्री फडफडली. यल्लव्वानं पदरानं वारा घेतला.

हजारो लोकांची नावं उठवली या बोटांनी,
स्वतःचं शोधायला कीबोर्डवर वेळ लागला.
वडिलांचं नाव. वय एकावन्न.
धंदा, इथं कर्सर बराच वेळ लुकलुकत होता.

पाच पानं झाली. मी म्हटलं, राहू द्या.
त्यानं शंभराची नोट दगडाखाली ठेवली.
‘साक्षीदार फुकटात फोडला म्हणतील.
पावती द्या.’

पानं बाहेर आली, गरम, डाव्या कडेला रेघ घेऊन.

पुढची तारीख सव्वीस जून.
काल तो शिपाई समोरून गेला,
पेनड्राइव्ह बोटात फिरवत,
आणि तीन टेबलं सोडून बसला.